तोफखान्यातला नेपोलियन

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका प्रसिद्ध व्यक्तीचे चरित्र द्यायचे, ही आपली जुनी रीत. आजवर जिजाबाई झाल्या, अहिल्याबाई झाल्या, रमाबाई रानडे झाल्या. यंदा हे काम माझ्याकडे आले आणि मी नाव सांगितले नेपोलियन बोनापार्टचे. चिटणीसबाईंनी वही खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहातच राहिल्या. बायकांच्या मंडळाला या लढवय्याचे काय, असे त्यांच्या मनात आले असणार. त्यांचे चुकले नाही. म्हणून आधी हे नाव मला का सुचले ते सांगते आणि मग चरित्राकडे वळते.

माझी नात गणित घेऊन बी.एस्सी. झाली आणि चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत दाखल झाली. हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहेच; तिच्या निवडीचे पेढे आपण हळदीकुंकवाच्या दिवशी वाटले होते. शिक्षण संपत आले की या मुलामुलींना सैन्यातील कोणती शाखा हवी ते पसंतीच्या क्रमाने लिहून द्यावे लागते. मग गुणांचा क्रम आणि रिकाम्या जागा पाहून नेमणूक होते. नातीने कळवले की ती पहिली पसंती तोफखान्याला देणार आहे. पूर्वी मुलींना तोफखाना खुला नव्हता. एप्रिल 2023 मध्ये पाच मुली प्रथमच त्या शाखेत अधिकारी म्हणून गेल्या. म्हणजे वाट नवी आहे, फारशी मळलेली नाही.

ते ऐकून आमच्या सूनबाईंची झोप उडाली. त्या दिवशी दुपारी त्या माझ्याजवळ गहू निवडायला येऊन बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या की, आई, ती तुमचे ऐकते. संदेशवहन आहे, पुरवठा खाते आहे, शिक्षण शाखा आहे. इतक्या शाखा असताना तोफांच्या तोंडाशीच कशाला जायचे? रविवारी तिचा फोन येईल तेव्हा तुम्ही एक शब्द टाका. मी बरे म्हटले. तो मंगळवार होता.

शब्द टाकायचा तर विषय थोडा तरी माहीत हवा. आपण देवळालीजवळ राहतो. तोफखान्याची शाळा तिथेच आहे, आणि सरावाचे दिवस आले की खिडकीची तावदाने थरथरतात. एवढाच माझा तोफेशी संबंध. नेपोलियन आधी तोफखान्यातला अधिकारी होता हे शाळेत शिकल्याचे आठवत होते. म्हणून आपल्या वाचनालयातून त्याची चरित्रे आणली आणि चार दिवस वाचत बसले. सम्राट नेपोलियन पुस्तकात पुढे भेटतोच. मला भेटायचे होते ते सोळा वर्षांच्या मुलाला, ज्याला कोणत्या शाखेत जायचे हे ठरवावे लागले, आणि त्याच्या आईला.

नेपोलियनचा जन्म 15 ऑगस्ट 1769 रोजी कोर्सिका बेटावर, अजासिओ या गावी झाला. हे बेट त्याच्या जन्माच्या आदल्याच वर्षी फ्रान्सच्या ताब्यात आले होते. घरची बोली इटालियन वळणाची. वडील कार्लो वकील होते. घराणे खानदानी, पण हाताशी पैसा बेताचा. आई लेतिझिया. तिला तेरा मुले झाली, त्यांतली आठ वाचली. नेपोलियन वाचलेल्यांत दुसरा, थोरला जोसेफ. गरीब खानदानी घरांतील मुलांना फ्रान्सचा राजा सरकारी खर्चाने लष्करी शाळांत शिकवीत असे. त्यासाठी चार पिढ्यांच्या खानदानाचे दाखले द्यावे लागत. कार्लोने खटपट करून ते जमवले, आणि वयाच्या नवव्या वर्षी मुलगा समुद्र ओलांडून परमुलुखात गेला. त्यानंतर साडेसात वर्षांहून अधिक काळ तो आपल्या घरी आला नाही. भगिनींनो, नऊ वर्षांचे पोर घरातून जावे आणि मिसरूड फुटल्यावर परत यावे, याचा त्या माऊलीच्या जागी राहून विचार करून पाहा.

1779 च्या मे महिन्यात तो ब्रिएन येथील शाळेत दाखल झाला. फ्रेंच भाषा त्याला तोवर जेमतेम आली होती. उच्चार गावंढळ, नाव विचित्र, खिसा रिकामा. श्रीमंत मुलांनी त्याची पुष्कळ टवाळी केली. तो एकलकोंडा झाला आणि वाचू लागला. इतिहास आणि भूगोल त्याच्या आवडीचे. पण शिक्षकांच्या नजरेत भरले ते त्याचे गणित. शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने हा मुलगा नौदलात चांगला शोभेल असे मत दिले. मुलालाही ती कल्पना आवडली. बेटावर जन्मलेला, लहानपणापासून समुद्र पाहिलेला. त्याला त्यात नवल वाटले नसेल.

घरी मात्र आईचा जीव खालीवर झाला. चरित्रकार सांगतात की लेतिझियाने नौदलाला विरोध केला. जमिनीवरच्या शिपायाला आगीचे भय असते. जहाजावरच्याला आगीचेही आणि पाण्याचेही. एका मुलावर दोन संकटे कशाला ओढवून घ्यायची, असा तिचा हिशेब. मी हे वाचले आणि पुस्तक मिटून क्षणभर बसले. गहू निवडता निवडता आमच्या सूनबाई जे म्हणाल्या ते याहून निराळे नव्हते.

इथे एक गमतीची गोष्ट सांगते. थोरल्या जोसेफला घरच्यांनी धर्मखात्यात घालायचे ठरवले होते. त्याने एकाएकी लष्करात जाण्याचा हट्ट धरला. तेव्हा चौदा वर्षांच्या नेपोलियनने घरच्या एका वडीलधाऱ्या माणसाला 1784 च्या जूनमध्ये लांबलचक पत्र लिहिले. त्यात त्याने एकेक शाखा घेऊन तिचा जमाखर्च मांडला. नौदलात गणित लागते, ते जोसेफला येत नाही, आणि शिकायला दोन वर्षे जातील. तोफखान्यात आणि इंजिनियरांतही तीच अडचण, मेहनत मोठी. उरले पायदळ, तर तिथला अधिकारी दिवसभर रिकामा असतो आणि त्यातून वाईट सवयी लागतात. तेव्हा जोसेफने लष्कराचा नाद सोडावा हे बरे. धाकटा भाऊ थोरल्याविषयी असे लिहितो हा आगाऊपणाच. पण हिशेब पक्का होता, आणि जोसेफ पुढे वकील झाला. दुसऱ्याची शाखा ठरवताना ज्याने असा विचार केला, त्याने स्वतःचा विचार केला नसेल असे कसे म्हणावे?

1784 च्या ऑक्टोबरात नेपोलियनची निवड पॅरिसच्या लष्करी विद्यालयात झाली. नौदलाचा विचार मागे पडला होता आणि आता तोफखाना डोळ्यांसमोर होता. हे का, ते समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी फ्रान्सच्या घोडदळात डौल मोठा आणि खर्चही मोठा. उत्तम घोडे, नोकर, भरजरी पोशाख हे ज्याला परवडेल त्याने तिकडे जावे. पायदळात आणि घोडदळात वरच्या जागा मिळत त्या दरबारी वशिल्याने आणि पैशाने. तोफखान्यात तसे चालत नसे. तोफेची नळी किती वर उचलायची, दारू किती घालायची, गोळा किती अंतरावर पडेल, हे गणित दरबारातल्या ओळखीने सुटत नाही. तिथे परीक्षा देऊनच आत जावे लागे आणि कामानेच वर चढावे लागे. त्यामुळे उच्च घराण्यांतील मुले तिकडे फारशी वळत नसत. लहान खानदानांतली, अभ्यासू मुले जात. शिवाय त्या वीस वर्षांत ग्रिबोव्हाल या अधिकाऱ्याने फ्रेंच तोफा हलक्या आणि एका मापाच्या करून टाकल्या होत्या. एका तोफगाड्याचे चाक दुसऱ्याला बसे. युरोपात असा तोफखाना दुसरा क्वचितच असेल. त्याच सुमारास इकडे महादजी शिंदे द बॉयनच्या हाताने कवायती पलटणी उभारून घेत होते, हे लक्षात घेतले की काळाची कल्पना येते.

पण शाखा ठरली आणि घरावर आकाश कोसळले. 24 फेब्रुवारी 1785 रोजी कार्लो पोटाच्या विकाराने माँपेलिए गावी वारला. वय अवघे अडतीस. लेतिझिया पस्तिशीच्या आतबाहेर विधवा झाली. पदरी आठ मुले, धाकटा तर तान्हाच. थोरला भाऊ अजून मिळवता नव्हता. मिळवता होण्याच्या सर्वांत जवळ कोण, तर पंधरा वर्षांचा नेपोलियन.

तोफखान्याची वाट दोन परीक्षांची असे. आधी उमेदवार म्हणून परीक्षा द्यायची, मग तोफखान्याच्या शाळेत शिकायचे, मग दुसरी परीक्षा देऊन अधिकारी व्हायचे. घरी आई वाट पाहात असताना या मुलाने दोन्ही टप्पे एका उडीत ओलांडायचे ठरवले. बेझू नावाच्या गणितज्ञाने तोफखान्यासाठी लिहिलेल्या अनेक भागांच्या ग्रंथावर परीक्षा होई. परीक्षक होता लाप्लास, ज्याचे नाव आजही गणिताचे विद्यार्थी घेतात. सप्टेंबर 1785 मध्ये निकाल लागला. साऱ्या फ्रान्समधून 58 जण तोफखान्यात दुय्यम लेफ्टनंट झाले, आणि त्यांत नेपोलियनचा क्रमांक 42 वा. आपल्याकडे मुलगा 42 वा आला तर आपण शेजारी सांगणार नाही. पण त्याने एका वर्षात केलेला अभ्यास इतरांना दोन-तीन वर्षे पुरत असे. वय नुकतेच सोळा पूर्ण. त्या विद्यालयातून अधिकारी झालेला तो पहिलाच कोर्सिकन.

त्याच यादीत 41 वा होता फेलिपो नावाचा मुलगा. वर्गात दोघांचे मुळीच पटत नसे. चरित्रकार सांगतात की बाकाखाली दोघे एकमेकांना लाथा मारीत, आणि मध्ये बसणाऱ्या मुलाच्या नडग्या फुटत. हे नाव, भगिनींनो, ध्यानात ठेवावे. पुढे लागणार आहे.

नेमणूक मिळाली ती ला फेर या तोफखाना पलटणीत. तिचा मुक्काम दक्षिणेकडे व्हालान्स या गावी होता. कोर्सिका तिथून जवळ, आणि मित्र दे माझी याचा थोरला भाऊ त्याच पलटणीत; या दोन गोष्टी त्याला हव्या होत्या. त्या पलटणीत एक छान शिस्त होती. नव्या अधिकाऱ्याने पहिले तीन महिने साध्या गोलंदाजाचे, मग नाईकाचे, मग हवालदाराचे काम करायचे. तोफ ओढायची, पुसायची, पहारा द्यायचा. ज्याने हाताने तोफ भरली नाही त्याने भरायचा हुकूम देऊ नये. आपल्या मंडळाच्या स्वयंपाकघरात नव्या सभासदाला आधी भाजी निवडायला बसवतात, त्यातलाच हा प्रकार. 1786 च्या जानेवारीत त्याला अधिकाऱ्याचा पोशाख मिळाला. पगार वर्षाला सगळे मिळून अकराशे लीव्ह्रच्या आसपास. त्यात स्वतःचे भागवायचे आणि घराचीही काळजी वाहायची.

पुढे 1788 मध्ये पलटण ओसोन येथे गेली. तिथल्या तोफखान्याच्या शाळेचा प्रमुख बॅरन द्यू तेय याने या हाडकुळ्या लेफ्टनंटची हुशारी ओळखली आणि त्याला तोफांच्या प्रयोगांत घेतले. बॅरनच्या भावाने तोफांच्या वापरावर ग्रंथ लिहिला होता. तोफा सगळीकडे विखरून न ठेवता निर्णायक जागी एकवटाव्यात हे त्याचे सांगणे. नेपोलियनने ते मनात पक्के धरले. त्या दिवसांत तो पैसे वाचवण्यासाठी दिवसातून एकदाच जेवत असे. 1791 मध्ये बारा वर्षांच्या धाकट्या भावाला, लुईला, त्याने शिक्षणासाठी आपल्या खोलीवर आणले, आणि त्या तुटपुंज्या पगारात दोघांचे भागवले. सम्राट झाल्यावरच्या त्याच्या थाटाचे वर्णन मी पुष्कळ वाचले. मला बरा वाटला तो हा, भावाला जवळ ठेवून शिकवणारा.

1789 साली राज्यक्रांती झाली. खानदानी अधिकारी देश सोडून जाऊ लागले आणि गुणी माणसांना जागा मिळू लागल्या. 1793 मध्ये कोर्सिकातील राजकारणात बोनापार्टांचा पाडाव झाला. लेतिझियाला मुलांना घेऊन घर सोडून पळावे लागले, आणि ती दक्षिण फ्रान्समध्ये निर्वासित म्हणून दिवस काढू लागली. त्याच वर्षी तूलाँ या बंदराने राजपक्षाची बाजू घेऊन इंग्रज आणि स्पॅनिश आरमाराला आत घेतले. क्रांतिकारकांच्या फौजेने वेढा घातला, पण तिचा तोफखान्याचा प्रमुख जखमी झाला. नेमका तेव्हा कॅप्टन बोनापार्ट तिथे पोचला. नकाशावर त्याने एक भूशिर दाखवले. तिथे तोफा चढल्या तर बंदरात एकही जहाज उभे राहू शकणार नाही, हा त्याचा हिशेब. वरिष्ठांना पटायला वेळ लागला. 17 डिसेंबरला तिथला किल्ला घेतला, आणि शत्रूचे आरमार खरोखरच निघून गेले. त्या हल्ल्यात त्याच्या मांडीला संगिनीची जखम झाली. पाच दिवसांनी तो ब्रिगेडियर जनरल झाला. वय चोवीस.

आता या चरित्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रसंग. 1795 मध्ये सरकारने त्याला पश्चिमेकडे पायदळाच्या ब्रिगेडवर पाठवायचे ठरवले. दुसऱ्या कोणी मुकाट्याने हुकूम मानला असता. याला तो आपल्या शाखेचा आणि आपला अपमान वाटला. त्याने आजारपणाचे निमित्त सांगून जाण्याचे टाळले, आणि सप्टेंबरात सेनापतींच्या यादीतून त्याचे नाव खोडण्यात आले. नोकरी जाण्याची वेळ आली, पण तोफखाना सोडला नाही. तीनच आठवड्यांनी, 5 ऑक्टोबर रोजी, पॅरिसमध्ये सरकारविरुद्ध उठाव झाला. सरकारला तोफा जाणणारा माणूस हवा होता. म्यूरा नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याने रातोरात चाळीस तोफा आणून दिल्या, नेपोलियनने त्या रस्त्यांच्या तोंडाशी लावल्या, आणि उठाव मोडला. त्यात पॅरिसचे पुष्कळ नागरिक मेले, हेही सांगितले पाहिजे. याच कामाने त्याचे भाग्य उघडले. पुढच्या वर्षी इटलीच्या मोहिमेचे सेनापतिपद मिळाले. त्याच वर्षी जोसेफीनशी लग्न झाले.

इथून पुढची कथा आपण शाळेत शिकलो आहोत. ती मी थोडक्यात सांगते. 1798 मध्ये तो इजिप्तवर गेला. जमिनीवर जिंकला, पण 1 ऑगस्टला अबूकीरच्या उपसागरात इंग्रजांनी त्याचे आरमार जाळून टाकले आणि परतीची वाट बंद झाली. कैरोहून त्याने टिपू सुलतानाला मैत्रीचे पत्र पाठवले, ते टिपूला मिळण्याऐवजी इंग्रजांच्या हाती लागले. मे 1799 मध्ये टिपू श्रीरंगपट्टणला पडला. त्याच वसंतात नेपोलियन आक्रा या किनाऱ्यावरच्या कोटाला वेढा देऊन बसला होता. कोट फोडायच्या मोठ्या तोफा त्याने समुद्रमार्गे मागवल्या, आणि त्या वाटेतच इंग्रज आरमाराने पकडल्या. कोटाच्या आत, इंग्रजांच्या बाजूने, तटबंदी आणि तोफा कोण सांभाळत होता? तो फेलिपो, यादीतला 41 वा! एकाच परीक्षेला बसलेली दोन मुले तटाच्या दोन बाजूंना उभी राहिली. फेलिपो त्या वेढ्यातच आजाराने गेला, पण कोट पडला नाही. दोन महिन्यांनी नेपोलियनला माघार घ्यावी लागली.

1799 अखेर तो फ्रान्सचा सर्वाधिकारी झाला आणि 1804 मध्ये सम्राट. कायद्यांची नीट संहिता, शाळा, कारभाराची घडी अशी मोठी कामे त्याच्या नावावर आहेत. पण त्याच संहितेने बायकोला नवऱ्याच्या आज्ञेत बांधून टाकले, आणि 1802 मध्ये त्याने वसाहतींत गुलामगिरी परत आणली. आपल्या मंडळाने हे विसरता कामा नये. रणांगणावर त्याचा हात कोणी धरीना. 1809 मध्ये वाग्रामला त्याने शंभराहून अधिक तोफा एका ठिकाणी एकवटल्या. ओसोनचा धडा तो विसरला नव्हता. समुद्रावर मात्र 1805 साली ट्रफाल्गरला त्याचे आरमार पुन्हा बुडाले. जमिनीवर जसे हुकूम सोडतो तसे तो जहाजांना सोडी. वारा आणि भरती-ओहोटी हुकूम मानत नाहीत. मुलाने नौदलात जाऊ नये म्हणून आई अडली होती. गेला असता तर काय झाले असते हे कोणी सांगावे? पण जे शास्त्र तो शिकला नाही, तेच त्याला आयुष्यभर नडले.

1812 मध्ये सहा लाखांच्या आसपास फौज घेऊन तो रशियावर गेला. परत आला तो तिचा थोडासा अंश. त्या प्रत्येक शिपायाला एक आई होती. 1814 मध्ये त्याला गादी सोडून एल्बा बेटावर जावे लागले. तिथे त्याच्याजवळ राहायला कोण गेले, तर लेतिझिया. मुलाच्या राज्याभिषेकाला ती गेली नव्हती. वैभवाच्या दिवसांतही ती काटकसरीने पैसा बाजूला टाकी, लोक तिला हसत. पडत्या काळात मात्र ती मुलाजवळ होती.

शेवटची लढाई 18 जून 1815, वॉटर्लू. आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता. चिखलात तोफगाडे हलत नाहीत आणि गोळा जमिनीत रुतून बसतो, म्हणून जमीन जरा सुकू द्यावी असे या गोलंदाजाने ठरवले. लढाई दुपारच्या सुमारास सुरू झाली. तेवढ्या वेळाने प्रशियाच्या फौजेला येऊन मिळायची सवड सापडली. हरण्याची कारणे आणखीही होती, पण हे त्यांतले एक. पुढे त्याने एका इंग्रज जहाजावर स्वतःला स्वाधीन केले आणि दहा आठवड्यांच्या प्रवासाने सेंट हेलेना बेटावर पोचला. चोहोकडे समुद्र. तिथे 5 मे 1821 रोजी, एकावन्नाव्या वर्षी, तो वारला. बहुधा वडिलांच्याच रोगाने, पोटाच्या विकाराने. लेतिझियाने मुलाला सोडावे म्हणून राजेरजवाड्यांकडे अर्ज केला होता, तो कोणी मानला नाही. ती रोममध्ये राहिली, शेवटी डोळेही गेले, आणि 2 फेब्रुवारी 1836 रोजी वारली. मुलाच्या मागे जवळजवळ पंधरा वर्षे.

आगीचे आणि पाण्याचे भय धरणाऱ्या त्या आईचा मुलगा आगीत गेला नाही, पाण्यात गेला नाही. साठ लढायांतून वाचला आणि अंथरुणावर गेला, तिच्यापासून हजारो कोस दूर. ज्या दुखण्याची भीती धरायला हवी होती ते घरातच होते, आणि त्यावर कोणत्याही शाखेचा उपाय नव्हता. आईचे भय खोटे नसते. पण ते बोट दाखवते तिकडेच संकट असते असेही नाही. आणि मुलाने पुढे जे केले, रशियापर्यंत जे लोकांचे बळी गेले, त्याचा दोष तोफखान्याचा नव्हे. शाखा तोफ कशी लावायची ते शिकवते. कुठे थांबायचे ते माणसाला दुसरीकडून शिकावे लागते, बहुधा घरातून.

शनिवारी रात्री हे सगळे मी सूनबाईंना सांगितले. विशेषतः चौदा वर्षांच्या मुलाचे ते पत्र, आणि तीन महिने तोफ पुसण्याची गोष्ट. त्या ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारले, की तोफखान्यात गेली तर शिकायला कुठे पाठवतात? मी सांगितले की अधिकारी झाल्यावर तोफखान्याच्या मुलांना अभ्यासक्रमासाठी देवळालीलाच यावे लागते. त्यांनी मान वर केली.

रविवारी फोन आला. मी तो आधी घेतला आणि नातीला विचारले की तोफखानाच का. तिने सांगितले की कवायतीत तिच्या पुढे पुष्कळ जण आहेत, पण गणितात नाहीत. जिथे आपले बरे आहे तिथे उभे राहावे. मी पुढे काही बोलले नाही. सूनबाईंना दिलेला शब्द मी मोडला, हे कबूल करते. फोन त्यांच्या हाती दिला. त्या म्हणाल्या काहीच नाहीत त्या अर्जाविषयी. गुडघा दुखायचा थांबला का, आणि जेवण वेळेवर मिळते का, एवढेच विचारले. ठेवताना मात्र, पहिल्या पसंतीत खाडाखोड करू नकोस, अक्षर नीट काढ, असे सांगितले.

हा लेख छापायला देताना नेमणुकांची यादी अजून लागलेली नाही. तोफखाना मिळेल की दुसरे काही, ते गुणांवर आणि जागांवर आहे. काहीही मिळो, पेढे आपल्या मंडळातच वाटले जातील. कालच देवळालीकडून सरावाचा आवाज येत होता. तावदाने थरथरली तशा सूनबाई उठल्या, आणि खिडकी लावून घेण्याऐवजी तिथेच उभ्या राहून किती आवाज होतात ते मोजू लागल्या.